आईच लढ्यात गेली तर? 'अहिंसा' कादंबरी आणि ती वाचून मुलांना पडणारे प्रश्न

साल १९४२. महात्मा गांधींनी घराघराला आवाहन केलंय: तुमच्या घरातलं एक माणूस स्वातंत्र्यलढ्याला द्या. दहा वर्षांच्या अंजलीला वाटतं, आता बाबा जाणार. ती घाबरून जाते. पण बाबा जात नाहीत. जाते ती आई.

सुप्रिया केळकर यांच्या 'अहिंसा' या कादंबरीचं हे बीज आहे. पुस्तक इंग्रजीत आहे. अमेरिकेतल्या ली अँड लो या प्रकाशनसंस्थेच्या टू बुक्स या शाखेनं ते २०१७ मध्ये छापलं. त्याआधी २०१५ मध्ये हस्तलिखितालाच या संस्थेचा न्यू व्हिजन्स पुरस्कार मिळाला होता. साधारण आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेली ही गोष्ट. आता प्रश्न असा, की मिशिगनमध्ये वाढलेल्या एका मराठी लेखिकेनं अमेरिकी मुलांसाठी लिहिलेली कादंबरी पनवेल किंवा खारघरच्या शाळेतल्या मुलाच्या हातात पडली, तर तो ती कशी वाचेल?

कारण अमेरिकेतल्या मुलाला जे लांबच्या देशातलं वाटेल, ते इथल्या मुलाच्या अगदी जवळ आहे. गोष्टीतल्या आडनावांसारखी आडनावं त्याच्या वर्गाच्या हजेरीपटावर असतात. आणि पुस्तक मिटल्यावर तो जो प्रश्न विचारेल, त्याचं उत्तर घरातल्यांना द्यावं लागेल.

गोष्ट काय आहे?

अंजली जोशी ही ब्राह्मण कुटुंबातली मुलगी. तिची आई एका इंग्रज अधिकाऱ्याकडे नोकरीला असते, ती नोकरी सुटते आणि आई चळवळीत उतरते. मग घरात एकेक बदल सुरू होतात. परदेशी कापडाची होळी होते आणि त्यात अंजलीचे आवडते, भरजरी घागरेही जातात. घरचा संडास साफ करणारा मोहन नावाचा मुलगा आजवर तिला दिसूनही दिसलेला नसतो. आता त्याच्याशी बोलायची वेळ येते. दलित वस्तीतल्या मुलांना शाळेत आणायचं आईच्या मनात असतं. आईला तुरुंगात टाकतात तेव्हा ते अर्धवट काम अंजलीकडे येतं. तिचा जिवलग मित्र इरफान मुसलमान आहे, आणि गावात हिंदू-मुस्लीम ताण वाढत जातो तशी त्या मैत्रीचीही परीक्षा होते.

थोडक्यात, इंग्रज हे एकटेच खलनायक नाहीत. गोष्ट जसजशी पुढे जाते तसा त्रासदायक भाग घराच्या आत सरकतो. घरातल्याच वडीलधाऱ्यांना आईचं वागणं पसंत नसतं, शेजाऱ्यांनाही नसतं.

यातलं खरं किती?

मुलांचा पहिला प्रश्न हाच असतो. ऐतिहासिक कादंबरी म्हटलं की 'हे खरंच झालेलं का?'

अंजली आणि तिचं गाव काल्पनिक आहे. पण आईच्या पात्रामागे एक खरी बाई आहे: लेखिकेच्या पणजी, नागपूरच्या अनसूयाबाई काळे. त्या गांधीजींच्या चळवळीत होत्या, तुरुंगात गेल्या. १९३७ मध्ये त्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या विधानसभेच्या उपाध्यक्ष झाल्या. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर आणि आष्टी इथं उठाव झाला, सरकारनं तो निर्दयपणे चिरडला आणि अनेकांना फाशीच्या शिक्षा सुनावल्या. त्यांचे प्राण वाचावेत म्हणून अनसूयाबाईंनी धडपड केली. स्वातंत्र्यानंतर १९५२ आणि १९५७ अशा पहिल्या दोन्ही लोकसभा निवडणुकांत त्या नागपूरमधून निवडून आल्या.

एवढं काम केलेल्या बाईंचं नाव विदर्भाबाहेरच्या किती मराठी मुलांना माहीत असेल? पाठ्यपुस्तकात १९४२ म्हटलं की गवालिया टँक, अरुणा असफ अली, साताऱ्याचं पत्रीसरकार. अनसूयाबाईंची गोष्ट मुलांपर्यंत पोचली ती पणतीनं लिहिलेल्या इंग्रजी कादंबरीतून, तीही अमेरिकेमार्गे. हे थोडं गमतीशीर आहे आणि थोडं लाजिरवाणंही.

कपडे का जाळायचे? गरिबांना का नाही दिले?

हा प्रश्न हमखास येणारा, आणि तो बालिश अजिबात नाही. अंजलीलाही तेच वाटतं. खुद्द त्या काळातही यावर वाद झाला होता. १९२१ च्या विदेशी कापडाच्या होळ्यांवर रवींद्रनाथ टागोरांनी जाहीर आक्षेप घेतला होता, आणि गांधीजींनी त्याला उत्तर दिलं होतं. त्यामुळे 'तेव्हा सगळ्यांना हेच बरोबर वाटत होतं' असं सांगून मुलाला गप्प बसवायची गरज नाही. ज्यांना पटत नव्हतं अशी मोठी माणसं तेव्हाही होती.

अमेरिकेत या जातीचं सर्वांत गाजलेलं पुस्तक म्हणजे ख्रिस्तोफर पॉल कर्टिस यांचं 'द वॉटसन्स गो टु बर्मिंगहॅम – १९६३'. ते १९९५ मध्ये आलं. फ्लिंट शहरातलं एक कृष्णवर्णीय कुटुंब गाडी काढून आजीकडे अलाबामात जातं. अर्ध्याहून जास्त पुस्तक भावंडांच्या मारामाऱ्या आणि फजित्यांचं आहे. थोरला भाऊ गोठलेल्या आरशाला ओठ लावतो आणि तिथंच चिकटून बसतो, हा प्रसंग वाचून मुलं खदाखदा हसतात. आणि मग १५ सप्टेंबर १९६३ येतो. त्या दिवशी बर्मिंगहॅमच्या सोळाव्या रस्त्यावरच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी खरोखर बॉम्बस्फोट घडवला होता आणि चार मुली मारल्या गेल्या होत्या. तिघी १४ वर्षांच्या, एक ११ वर्षांची. हसत हसत जवळ केलेल्या कुटुंबावर हे येतं, म्हणून ते वाचकाला लागतं.

दोन्ही पुस्तकांची रीत एकच: आधी घर, मग हक्क. दहा वर्षांच्या मुलाला 'नागरी हक्क' हा शब्द काहीच सांगत नाही. आई घरी आली नाही, हे सगळं सांगतं.

पण एक फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. वॉटसन कुटुंबासाठी घर ही सुरक्षित जागा आहे, धोका बाहेर आहे. अंजलीचं घरही तितकंच प्रेमळ आहे, पण अस्पृश्यता पाळली जाते ती त्याच घरात. त्यामुळे इथल्या वाचकाला नुसतं 'ते लोक वाईट होते' म्हणून सुटता येत नाही.

मदत केली, तरी मोहन का चिडतो?

कादंबरीतली सर्वांत प्रामाणिक जागा ही आहे. अंजली आणि तिची आई चांगल्या मनानं 'हरिजन' म्हणू लागतात. मोहनला तो शब्द आवडत नाही. त्याला त्यात कीव दिसते. त्याला 'दलित' हा शब्द हवा असतो. अंजली गोंधळते, कारण तिला वाटत असतं आपण चांगलंच वागतोय. वाचणारी मुलंही इथं गोंधळतात. 'देवाची माणसं' म्हटलं तर त्यात वाईट काय?

याचं उत्तर इतिहासात आहे. गांधीजींनी १९३३ मध्ये 'हरिजन' नावाचं साप्ताहिक सुरू केलं आणि तो शब्द देशभर गेला. पण ज्यांना हे नाव दिलं गेलं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत एका विधेयकात हा शब्द आला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या पक्षाच्या सदस्यांनी विरोध करून सभात्याग केला. आज सरकारी कामकाजात हा शब्द वापरू नये अशा सूचना आहेत. मुलाला एका वाक्यात सांगायचं तर: आपलं नाव काय असावं हे दुसऱ्यानं ठरवलं, तर ते कितीही गोड असलं तरी खटकतं.

त्याच वर्षी नागपुरात दुसरंही काही चाललं होतं

'अहिंसा'त केशवजी नावाचं पात्र आहे. ते आंबेडकरांच्या विचारांचे आहेत आणि गांधीजींशी त्यांचे मतभेद आहेत. लहान मुलांच्या पुस्तकात हे आणणं धाडसाचंच. आपल्याकडे मुलांना दोन्ही महापुरुषांचे फोटो शेजारी शेजारी दाखवले जातात, त्यांच्यातलं भांडण मात्र सहसा सांगितलं जात नाही.

पण १९४२ चं नागपूर नीट पाहायचं असेल तर एक तारीख माहीत हवी. 'चले जाव'चा ठराव झाला ८ ऑगस्टला, मुंबईत. त्याच्या तीनच आठवडे आधी, १८ ते २० जुलै १९४२ ला नागपुरात अखिल भारतीय दलित परिषद भरली. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा पाया इथं घातला गेला. परिषदेला जोडूनच दलित महिलांची परिषद झाली, तिच्या अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बायका जमल्या होत्या. आणि याच जुलैमध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. 'चले जाव' आंदोलनाला त्यांचा पाठिंबा नव्हता.

म्हणजे एका घरातली आई इंग्रजांच्या तुरुंगात जात होती आणि दुसऱ्या घरातली आई परिषदेत बसून हे विचारत होती, की इंग्रज गेल्यावर आमच्या मुलांना विहिरीवर पाणी भरू देणार का? दोघीही हक्कांसाठीच घराबाहेर पडलेल्या. कादंबरीत पहिल्या आईची गोष्ट आहे. दुसरीची अजून कुणीतरी मुलांसाठी लिहायला हवी.

या गोष्टीत मोहन मागेच का राहतो?

काही चौकस मुलं हेही विचारतील. शाळेत बसू दिलं जात नाहीये मोहनसारख्या मुलांना, पण मध्यभागी अंजली आहे. तिला काय वाटलं, ती कशी बदलली, हे कळतं. मोहनच्या मनात काय चाललं होतं, हे त्या मानानं कमी कळतं. लेखिका स्वतःच्या पणजीच्या घरातून पाहते आहे, त्यामुळे हे होणारच होतं. हा पुस्तकाचा गुन्हा नाही, पण त्याची हद्द आहे. म्हणून त्याच्या शेजारी आणखी एक गोष्ट ठेवायला हवी, जी खरी आहे आणि महाराष्ट्रातलीच आहे.

१९०१ सालची. साताऱ्यात राहणारी चार मुलं सुट्टीत वडिलांकडे निघतात. वडील गोरेगावला, खटाव तालुक्यात, दुष्काळी कामावर खजिनदार आहेत. मुलं खूश आहेत: पहिल्यांदाच आगगाडीत बसायचंय, अंगात इंग्रजी बनावटीचे नवे सदरे आहेत, डोक्यावर झगमगीत टोप्या. मसूर स्टेशनवर उतरतात, पण घ्यायला कुणीच येत नाही. स्टेशनमास्तर विचारपूस करतो. आपण महार आहोत हे त्यातला एक मुलगा न कळत सांगून टाकतो आणि मास्तरांचा चेहराच बदलतो. कुणीही बैलगाडीवाला त्यांना न्यायला तयार होत नाही. शेवटी दुप्पट भाडं ठरतं आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवाला शेजारून पायी चालणार, असा सौदा होतो. रात्र पडते. जवळ खायला भरपूर आहे, पण प्यायला घोटभर पाणी मिळत नाही. नाक्यावरच्या माणसाकडे मुसलमान असल्याचं भासवून उर्दूत मागून पाहतात, तोही देत नाही. मुलं उपाशीच झोपतात. वडिलांना पत्र मिळालंच नव्हतं, हे नंतर कळतं.

त्यातला नऊ-दहा वर्षांचा मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात त्यांनी हा प्रवास सांगितलाय. वॉटसन कुटुंबासारखाच हा एका कुटुंबाचा प्रवास, आणि निघतानाची हौसही तशीच.

आता कपड्यांकडे पुन्हा पाहा. अंजली परदेशी कपडे जाळते आणि तिला वाईट वाटतं. छोट्या भीमरावनं इंग्रजी कापडाचा सदरा मोठ्या हौसेनं घातलेला असतो, आणि त्या रुबाबदार सदऱ्यामुळेच स्टेशनमास्तर आधी फसतो. एकाच कापडाचा दोन मुलांसाठी किती वेगळा अर्थ! दोन्ही गोष्टी लागोपाठ वाचणाऱ्या मुलाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

पनवेलचा याच्याशी काय संबंध?

बराच आहे. 'चले जाव' ही घोषणा सुचवली युसूफ मेहेरअली यांनी. त्यांच्या नावाचं केंद्र पनवेल तालुक्यातल्या तारा गावात आहे. ते उभारण्यात पुढाकार होता डॉ. जी. जी. पारीख यांचा, जे स्वतः विद्यार्थिदशेत १९४२ च्या आंदोलनात तुरुंगात गेले होते. शेजारच्या उरण तालुक्यात चिरनेर आहे. तिथल्या जंगल सत्याग्रहावर २५ सप्टेंबर १९३० ला गोळीबार झाला होता.

आणि पनवेलहून गोव्याकडे निघालेला महामार्ग सव्वाशे किलोमीटरच्या आसपास गेल्यावर महाडला पोचतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्येच झाला होता. महाड नगरपालिकेनंही १९२४ मध्ये चवदार तळं कागदावर खुलं केलं. पाणी मात्र कुणी पिऊ शकत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंचा जमाव घेऊन तळ्यावर गेले, पाणी प्यायले, आणि परतणाऱ्या लोकांवर गावात हल्ला झाला. नंतर तळं 'शुद्ध' केलं गेलं. डिसेंबरमध्ये दुसऱ्या परिषदेला जाताना बसमालकांचा विरोध आडवा आला, म्हणून मुंबईची मंडळी 'पद्मावती' बोटीनं गेली. खटला दहा वर्षं चालला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला १७ मार्च १९३७ ला: तळं सर्वांचं आहे.

मुलं इथं एक साधा प्रश्न टाकतात, ज्यावर मोठे अडखळतात. ठराव आधीच झाला होता, तर मग पाणी प्यायला आणखी १३-१४ वर्षं का लागली?

याच रस्त्यावरच्या पळस्पे फाट्याची एक आठवण आंबेडकरी चळवळीत सांगितली जाते. बाबासाहेब इथून जाताना त्यांना पाणी मिळालं नाही. सोनबा येलवे यांना हे कळलं तेव्हापासून ते बाबासाहेबांसाठी पाण्याचा माठ घेऊन रस्त्यावर वाट पाहत राहिले. आज तिथं उड्डाणपूल, ट्रक आणि सुट्टीच्या दिवशीची वाहतूक कोंडी आहे. गणपतीला गावी जाताना त्या कोंडीत तासभर अडकलेल्या मुलाला सांगायला ही चांगली गोष्ट आहे.

'आपल्या घरात काय होतं तेव्हा?'

सगळ्या प्रश्नांत अवघड हा. आजी-पणजीच्या काळात आपल्याकडे वेगळा कप होता का? आपल्याला कुणी वेगळा कप दिला होता का? वर्गात दोन्ही प्रकारच्या घरांतली मुलं शेजारी बसलेली असतात, आणि एकच पान दोघांना वेगवेगळं वाचायला लागतं. अंजलीच्या जागी स्वतःला पाहणारं मूल अस्वस्थ होतं, पण गोष्टीच्या शेवटी त्याला बरं वाटायची सोय असते. मोहनच्या जागी स्वतःला पाहणाऱ्या मुलाला ती सोय नाही. उलट सगळा वर्ग आता आपल्याकडे पाहील, ही धास्ती असते. म्हणून हे पुस्तक वर्गात वाचून घेणाऱ्या शिक्षकांनी एक गोष्ट टाळलीच पाहिजे: 'तुझ्या घरचा अनुभव सांग' असं कुणा एका मुलाला उठवून विचारणं. त्याला सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल.

घरी याचं नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे: 'ते सगळं जुनं झालं, आता तसं काही नसतं.' या उत्तरानं प्रश्न थांबतो, पण ते उत्तर खरं नाही. अस्पृश्यता राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदानं रद्द झाली. तरी १९५५ मध्ये त्यासाठी शिक्षेचा कायदा करावा लागला. १९७६ मध्ये तो कडक करून त्याला 'नागरी हक्क संरक्षण अधिनियम' हे नाव दिलं गेलं. अमेरिकेच्या सिव्हिल राइट्सच्या गोष्टी आपण लांबच्या म्हणून वाचतो, पण आपल्या कायद्यात 'नागरी हक्क' हे शब्द नेमक्या याच कारणासाठी आहेत. मोहनचं काम, हातानं मैला साफ करणं, बंद व्हावं म्हणून १९९३ मध्ये कायदा झाला आणि तो पुरला नाही म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला. रायगड जिल्ह्यात गावकीनं कुटुंबांना वाळीत टाकल्याच्या तक्रारी इतक्या गाजल्या, की सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा या मागणीला त्यातून जोर आला. महाराष्ट्राचा तो कायदा जुलै २०१७ मध्ये लागू झाला. 'अहिंसा' छापली गेली तेही हेच वर्ष.

वाचायचं असेल तर

'अहिंसा'चं इंग्रजी सोपं आहे, सातवी-आठवीतलं मूल आपलं आपण वाचू शकतं. मराठी माध्यमातल्या लहान मुलांना कुणी मोठ्यानं वाचून, मधेमधे मराठीत सांगत गेलं तर जास्त रंगतं. सुप्रिया केळकर यांची १८५७ च्या पार्श्वभूमीवरची 'स्ट्राँग ॲज फायर, फिअर्स ॲज फ्लेम' ही कादंबरीही आहे, २०२१ ची. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' महाराष्ट्र शासनानं छापलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन आणि भाषणांच्या बाराव्या खंडात आहे, आणि इंटरनेटवर मोफत मिळतं. मसूरच्या प्रवासाचं प्रकरण जेमतेम काही पानांचं आहे. एका बैठकीत वाचून होतं.